झुंबराच्या तंबूत दोन दिवस

आमच्या घरातले किस्से मी कधी मुद्दाम गोळा केले नाहीत. ते आपोआप साठतात, ओट्याखालच्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे. एक ओढावी तर दहा बाहेर! भिशीत कुणी विचारलं, "काय सुनंदा, ट्रिप कशी झाली?" की मी "छान झाली" म्हणून गप्प बसायचं ठरवते. मग कुणीतरी चहा टाकतं, आणि माझं ठरवणं तिथंच संपतं.

आधी मंडळी सांगते. अकोल्यात जठारपेठेत आमचं घर. खाली सईच्या बाबांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान, वर आम्ही. मी, ते, नववीतली सई आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आई. लग्न झाल्यापासून असा एक दिवस उगवला नाही की मी काही केलं आणि ते आईंना पटलं. पोळी जाड झाली तर "हे रोडगा होय का?" पातळ केली तर "पापड कोन भाजून ठेवले वो?" मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. त्यामुळे आमच्या घरी टीव्हीची फारशी गरज पडत नाही.

नणंदबाई मीनल पुण्याला. तिचे मिस्टर हृषीकेश भाऊजी आयटीत. पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, गुडघा सुजला तेवढंच. पण मीनलनं मनावर घेतलं. आईंना पुण्याला न्यायचं, कायमचं! फोनवर तिनं विषय काढला की आई फोन माझ्या हातात कोंबायच्या. "पाह्य वो, रेंज नाई." समोर टॉवर दिसायचा.

शेवटी भाऊजींनी उपाय काढला. शांत वातावरणात बसून बोलू. आणि शांत वातावरण ऑनलाइन बुक केलं.

* * *

"ग्लॅम्पिंग आहे वहिनी!" भाऊजी फोनवर म्हणाले. "अंजनगाव सुर्जीजवळ. वर्किंग फार्म आहे, एकदम रॉ!"

आईंनी सईला विचारलं, "ग्लॅम्पिंग मंजे काय वं?"

"आजी, शेतात तंबूत राहायचं. पण तंबूत एसी असतो, डबलबेड असतो, झुंबर असतं."

"मंग घरी काय नाई?"

सईनं विचार केला. "झुंबर नाही."

आईंचं बालपण कपाशीच्या शेतात गेलेलं. शेतातून शहरात यायला त्यांच्या माहेरच्यांना दोन पिढ्या लागल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "झुंबर पाहाले वावरात जाऊन राहिलो आपन? चाला बापा!"

* * *

हिवाळ्यातला शनिवार. पुण्याहून आलेल्या मीनल-भाऊजींना घेऊन अकोटवरून आम्ही पोचलो तेव्हा फाटकातच मालक उभे. सलीमभाई. पन्नाशीचे, पांढरी दाढी, अंगावर कडक इस्त्रीचं खादी जॅकेट. संत्रा, केळी, कपाशी, सगळं स्वतः करणारा माणूस. तंबूंची कल्पना त्यांच्या हॉटेल लाइनीतल्या पुतण्याची. पाहुण्यांशी काय बोलायचं तेही त्यानंच पाठ करून घेतलेलं.

"निसर्गाच्या कुशीत आपलं मनःपूर्वक स्वागत असो!" सलीमभाई एका दमात म्हणाले. रेल्वेची घोषणा असते ना, तसं. मग एका टोपलीत सगळ्यांचे मोबाईल गोळा केले. "डिजिटल डिटॉक्स. फोटोपुरते परत मिळतील."

हातात ट्रे. ट्रेमध्ये मातीचे कुल्हड. कुल्हडात काहीतरी हिरवं, वर पुदिन्याचं एक पान पोहत होतं. भाऊजींनी डोळे मिटून घोट घेतला. "वॉव!" डोळे काही लगेच उघडले नाहीत.

आईंनी वास घेतला. "चहा नाई का?"

सलीमभाईंनी आजूबाजूला पाहिलं. पाठ केलेलं मराठी खाली ठेवलं आणि आईंच्या कानाशी वाकले. "चाची, चाय पिछे चूल्हे पे है. ये तो फोटो के वास्ते है."

तंबूंच्या मागं चुलीपाशी सलीमभाईंची आई बसली होती. सगळे तिला बडी अम्मी म्हणायचे. आई तिकडं गेल्या आणि आम्ही हिरवं संपवत राहिलो. मागून आल्याच्या चहाचा वास येत होता आणि दोन म्हाताऱ्यांचं हसणं. त्या क्षणापासून आमचा मुक्काम पुढं आणि आईंचा मागं, असंच झालं.

* * *

दुपारपर्यंत सईच्या बाबांची अवस्था बघवेना. दुकान नाही, मोबाईल नाही. त्यांना झाडाखालच्या झोक्यावर बसवलं होतं, निसर्ग अनुभवायला. ते झाडाकडे बघत होते. झाड त्यांच्याकडे बघत होतं. दोघांनाही पुढं काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात विहिरीवरच्या मोटारीचा आवाज घरघरला आणि बंद पडला.

"स्टार्टर गेला!" ते ओरडले. सईचा दहावीचा निकाल लागेल तेव्हाही ते इतके खूश होतील की नाही, मला शंका आहे. झोका मागं हलत राहिला, हे विहिरीवर!

तासाभरानं आले ते काळेकुट्ट. स्टार्टरचं सामान अंजनगावहून यायचं होतं. तोवर तंबूंना पाणी हवं म्हणून यांनी डोकं चालवून तंबूंचा पाइप संत्र्याच्या बागेतल्या लाइनीला जोडून दिला. नळाला पाणी आलं. मीनलनं लगेच केस धुवून घेतले.

संध्याकाळी सलीमभाई सईच्या बाबांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "भाऊ, तुमी कोन्त्या पाइपाले जोडलं होतं?"

"तो निळा नाही का, टाकीपासून येतो तो."

"त्या टाकीत मी सकाळी खत सोडलं होतं न. संत्र्याले."

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग दोघंही माझ्याकडं बघायला लागले, जणू ते खत मीच सोडलं होतं. इतक्यात केस उडवत मीनल आली. "वहिनी, हात लावून बघ! काय सिल्की झालेत! पुण्याच्या पाण्यात हे होतच नाही!"

सलीमभाईंनी जॅकेट सारखं केलं. "मॅडम, नैसर्गिक मिनरल्स आहेत."

निघताना तिनं दोन बाटल्या भरून घेतल्या.

* * *

त्याच दुपारी कार्यक्रमात 'कापूस वेचणी अनुभव' होता. पाहुण्यांसाठी कपाशीच्या दोन ओळी वेगळ्या राखलेल्या, बाजूला फोटोसाठी बैलगाडी. कमरेला बांधायला भरतकाम केलेली झोळी. मीनलनं चार बोंडं वेचली, त्यातली दोन देठासकट. भाऊजी वेचत नव्हते, ते कापसाला स्पर्श करत होते. "इट्स सो टॅक्टाइल," असं काहीतरी म्हणाले.

आईंना गुडघ्यामुळं छत्रीखाली खुर्ची टाकून बसवलं होतं. फोटो संपले, मागं वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी!

हाका मारल्या. तंबूत नाहीत, चुलीपाशी नाहीत. बडी अम्मी म्हणाली, "इधर तो नहीं आयी." मीनलचा चेहरा उतरला. "म्हणूनच मी म्हणते, इथे तिला सांभाळायला कुणी नाही!" 'इथे' म्हणजे अंजनगाव नव्हे, हे मला कळलं. उत्तर तोंडाशी आलं होतं. पण माझी नजर विहिरीकडं गेली. मी चप्पल सोडून पळाले. विहिरीवर जाऊन वाकून पाहिलं. आतल्या पायरीवर यांची पक्कड पडलेली दिसत होती, बाकी काही नाही.

मग शेताच्या पार त्या टोकाकडून बायांच्या हसण्याचा आवाज आला.

मजूरबाया कापूस वेचत होत्या, आणि मधोमध आई! पदर खोचलेला, ओटी गच्च भरलेली, दोन्ही हात चालू आणि तोंड त्याहून जोरात. मी धापा टाकत पोचले तशा सगळ्या बाया काम थांबवून मला पायापासून डोक्यापर्यंत निरखायला लागल्या.

एकीनं आईंना विचारलं, "हेच का?"

"हेच," आई म्हणाल्या.

काय सांगितलं होतं ते मी विचारलं नाही. मागून मीनल आली, रडवेली. "आई, अगं तुझा गुडघा!"

बायांची म्होरकी मीनलकडं न बघताच म्हणाली, "मावशी, उद्या येता का? हात बरा चालते तुमचा."

"अहो, ती पेशंट आहे!" मीनल ओरडली.

म्होरकीनं क्षणभर विचार केला. "मंग जरा उशिरा या."

* * *

सूर्य कलल्यावर शेकोटी. नुसती शेकोटी नव्हे, 'कृतज्ञता वर्तुळ'. गोल बसायचं आणि एकेकानं सांगायचं, आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत.

भाऊजींनी सुरुवात केली. ते ब्रह्मांडाबद्दल कृतज्ञ होते. मग मातीबद्दल, मग स्वतःच्या श्वासाबद्दल. बराच वेळ गेला. सई टोपलीत पडलेल्या मोबाईलबद्दल हळवी झाली. सईचे बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मी स्टार्टरबद्दल कृतज्ञ आहे," आणि बसले. आयुष्यात इतकं मनापासून भाषण त्यांनी केलेलं नाही.

आई तेवढ्यात उठून मागं गेल्या आणि पदरातून वांगी घेऊन आल्या. भाऊजींच्या समोरूनच निखारे ओढले आणि वांगी आत सारली. "इतला जाळ फुकट चालला. भरीत तरी होईन."

मीनलची पाळी आली. तिनं घसा साफ केला. "मी आईबद्दल कृतज्ञ आहे. आणि आम्ही ठरवलंय. आई आता पुण्याला आमच्याकडे राहणार. उद्याचं बडनेऱ्याहून तिकीट काढलंय. तिचंही."

यांनी माझ्याकडं पाहिलं, मी जाळाकडं. खरं सांगते, इतकी वर्षं मी या दिवसाची स्वप्नं पाहिली होती. कपाटातला आईंचा कप्पा कशासाठी वापरायचा तेही ठरवलं होतं. आणि आता मनातल्या मनात आईंशिवायच्या त्या घरात जाऊन आले. पोळी कशी झाली ते कुणी सांगत नव्हतं. जिना चढल्यावर "किती वेळ वो भाजी आनाले?" कुणी विचारत नव्हतं. मला ते घर आवडलं नाही.

"आई, तू काहीतरी बोल ना," मीनल म्हणाली.

आईंनी काडीनं वांगं उलटवलं. "एका अंगानं करपून राहिलं."

वर्तुळ तिथंच संपलं. भरीत मात्र फक्कड झालं होतं. भाऊजींनी तीनदा घेतलं आणि कुणाबद्दलच कृतज्ञता व्यक्त केली नाही.

* * *

रविवारी सकाळी भाऊजींनी 'ओपन स्काय बाथ' घेतला. तंबूमागं पांढराशुभ्र टब. तीन बाजूंनी बांबूच्या तट्ट्या, चौथी बाजू शेताकडं उघडी, 'व्ह्यू'साठी. भाऊजी भरपूर फेस करून, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून पडले होते.

एकदम किंकाळी ऐकू आली. आम्ही सगळे धावलो आणि तट्ट्यापाशी थबकलो. जावईबापूंचा मान ठेवायचा म्हणून सईच्या बाबांनाच आत पाठवलं. ते गेले आणि आतून फक्त त्यांचं हसणं ऐकू येत राहिलं. शेवटी मी फटीतून डोकावले.

सलीमभाईंची म्हैस टबात तोंड घालून पाणी पीत होती. तोंडावर फेस, दाढीला बसल्यासारखी. एक काकडी भाऊजींच्या डोळ्यावर होती, दुसरी म्हशीनं खाल्लेली होती. भाऊजी गळ्यापर्यंत पाण्यात. बाहेर येता येत नव्हतं आणि आत राहवत नव्हतं.

सलीमभाई धावत आले. पाहुणे समोर असल्यानं त्यांनी पाठ केलेलं मराठीच वापरलं. "राणी, कृपया मागे या. पाहुणे स्नान करत आहेत."

राणी ढिम्म.

"सरक न वं!" सलीमभाई गरजले. राणी लगेच सरकली.

भाऊजी थरथरत म्हणाले, "अहो, ही इथे आलीच कशी? तिला इथली सवय कशी काय?"

"साहेब," सलीमभाई नम्रपणे म्हणाले, "टब मागच्या महिन्यात आला. म्हैस चार वर्सापासून हाय."

* * *

निघायची वेळ झाली. बॅगा गाडीत गेल्या. मीनल आईंची बॅग आणायला मागं गेली, तिच्या मागोमाग मी. आई आणि बडी अम्मी चुलीपाशी बशीतून चहा पीत होत्या.

"आई, चल. गाडी चुकेल."

"मी नाई येत पुन्याले," आई शांतपणे म्हणाल्या.

"का पण? काय कमी आहे तिथे?"

"कमी काईच नाई वं. तुह्या घरी सारे लय गोड बोलतेत. एकानं काई म्हटलं का दुसरा सॉरी म्हनते. मले करमत नाई. हे सुनंदा कशी, मी एक शब्द टाकला का दोन वापस देते. दिवस कसा जाते समजत नाई."

चौदा भांडणांत मिळाली नसती अशी पदवी मला चुलीपाशी मिळाली. मी धुराच्या बाजूला जाऊन उभी राहिले. डोळ्यांतून पाणी यायला काहीतरी कारण पाहिजे.

मीनल मात्र उघड रडली. "आणि मी? मी मुलगी आहे तुझी. तू पडलीस ते मला दोन दिवसांनी कळलं, आई. मला रात्री झोप लागत नाही."

इथं माझीही मान खाली गेली. तिला उशिरा सांगायचं आईंनीच ठरवलं होतं, पण हो म्हणणारी मीच होते.

आईंनी बशी खाली ठेवली आणि तिला जवळ ओढलं. "आता रोज फोन करत जाईन. रेंज असते माह्या फोनाले, मी खोटं बोलत होती." तिच्या डोक्यावरून हात फिरवता फिरवता त्या थांबल्या. नाक जवळ नेलं. "केसाले कायचा वास येऊन राहिला वं?"

मी घाईघाईनं म्हणाले, "मिनरलचा!"

"बरं. आता तुमी सारे जा. मी बी अकोल्याले येईन, पन आज नाई. बडी अम्मी म्हनून राहिली, आठ दिवस राह्य."

बडी अम्मीनं मान डोलावली. "हव. रहने दो न. किसी से बात करने को तो मिलता."

"आई, इथे? शेतात?" मीनल डोळे पुसत म्हणाली.

"काहून? तुमीच त आनलं मले." मग माझ्याकडं वळून, "अन तू काहून रडून राहिली वो? जाय, चहा थंडा होऊन राहिला तुहा."

* * *

तो आठवडा आमच्या घरी फार शांततेत गेला. सईचे बाबा जेवताना दोनदा म्हणाले, "पोळ्या छान झाल्यात." मी पोळी उलटून पाहिली. सईनं तर एकदा टीव्ही लावला.

पुढच्या रविवारी मी आणि हे आईंना आणायला गेलो. फाटकात कुणी नव्हतं. तंबू रिकामे, टब रिकामा. मागून गलका येत होता. जाऊन पाहिलं तर चुलीभोवती ही गर्दी! मुंबई पासिंगच्या गाड्यांतली मंडळी पाटांवर बसून परातीत भाकरी थापत होती. बडी अम्मी चुलीपुढं, आणि खाटेवर पाय लांब करून आई. लुगडं नवं, हातात फुंकणी. वर झाडाला पुतण्यानं रंगवलेली पाटी, 'आजीसोबत चूल : अस्सल वऱ्हाडी अनुभव.'

मोठा गॉगल डोक्यावर चढवलेल्या एका बाईनं थापलेली भाकर भीत भीत पुढं केली. आईंनी ती दोन बोटांनी उचलली.

"हे कोन्या ढोरासाठी केली वो? घरी कोनी शिकवलं का नाई? नवरा जिवंत हाय न अजून?"

बाई आनंदानं किंचाळली. "अहो, घेतलात का व्हिडिओ? आजी, परत बोला ना, प्लीज! 'ढोरासाठी'पासून!"

"घाई करू नये," सलीमभाई जॅकेट घालून गर्दी आवरत होते. "आजी सर्वांना बोलणार आहेत."

मी वाट काढत सरळ खाटेपाशी गेले. "आई, चला. बॅग कुठाय तुमची?"

आईंनी वर पाहिलं. चष्मा सारखा केला. माझी चुरगळलेली साडी पाहिली, उन्हानं लाल झालेलं तोंड पाहिलं, हातातली रिकामी पिशवी पाहिली. दीर्घ श्वास घेतला आणि बोलायला तोंड उघडलं...

तेवढ्यात पिठाच्या हातानं कुणीतरी माझं कोपर धरलं.

"अहो ताई, लाईन आहे! आमचा नंबर आधी आहे!"